नावांची वही थोडे दिवस मिटून ठेव

प्रिय बाय,

तुझी वही आली. ६४ रानभाज्यांची नावं, प्रत्येकीसमोर शास्त्रीय नाव आणि शेवटच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द : 'भाजी'. अक्षर सुरेख आहे. मेहनतही दिसते. पण तो शेवटचा रकाना वाचताना मला हसू आलं. तुझी आजी ही वही बघेल तर विचारेल, "भाजी खरी, पण कशी आन् कवा?"

तू करांदा लिहिलास आणि खाली कडूकंद. दोघांचं शास्त्रीय नाव एकच लिहिलंस. चुकलीस असं नाही, जात एकच आहे. पण घरच्या मांडवावरचा करांदा मीठ घालून उकडला की खाता येतो. रानातल्या कडूकंदाच्या आधी चकत्या करायच्या, राख घालून त्या शिजवायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. सकाळी चाखून बघायचं, कडू लागला तर पुन्हा तेच. तुझ्या वहीत दोघे शेजारी बसलेत, रानात मात्र त्यांच्यामध्ये एक अख्खी रात्र आणि एक ओहोळ आहे. वही भरून तू विचारतेस, "गुरुजी, आता याचं पुस्तक करू का?" नको. अजून नको.

आधी माझी गोष्ट ऐक. मी ठाकरवाडीत जन्मलो, पण शेवळ ही रानभाजी साफ करायला शिकलो चाळिशीत, तेही बायकोकडून. शिकायच्या आधी एकदा शहाणपणा केला होता. ती माहेरी गेलेली, मी बाजारातून शेवळांची जुडी आणली, चिरली, फोडणीला टाकली. दांड्यावरचा पिवळा भाग काढायचा असतो हे ठाऊक नव्हतं, काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घालायची हेही नाही. पहिल्या घासाला घसा असा खाजला की पोरं रडायला लागली. शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात रुततात. काकडांचा आंबटपणा त्यांची खाज मारतो. हे कारण मी पुढे पुस्तकात वाचलं. बायकोला कारण माहीत नव्हतं, पण तिच्या हातची भाजी कधी खाजली नाही.

मला हे का येत नव्हतं? घरात तर रोज होतं. खूप वर्षांनी उमगलं : मी सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेलो आणि शाळा उघडते जूनमध्ये. शेवळ जूनच्या पहिल्या पावसात येतं, पाठोपाठ टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. रान हिरवं होतं त्याच आठवड्यात आम्ही पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात. परत यायचो दिवाळीला, तेव्हा टाकळ्याला शेंगा धरलेल्या. मोहाची फुलं पडायची तेव्हा परीक्षा. म्हणून आमच्या पिढीला करवंदं, जांभळं, आंबे सगळे ओळखता येतात, ते मे महिन्याच्या सुट्टीतले सोबती. पाल्याची ओळख राहून गेली. लोक म्हणतात, आदिवासी पोरांना रानाची लाज वाटते. वाटतही असेल कुणाला. पण वेळापत्रकाकडे कुणी बोट दाखवत नाही. (मी स्वतः ३० वर्षं तेच वेळापत्रक फळ्यावर लिहिलं, हेही कबूल करतो.)

तेव्हा माझा सल्ला असा : ६४ विसर. यंदा चार घे. मी तुझ्या जागी असतो तर शेवळ, टाकळा, करटोली आणि चाई घेतली असती. त्यांच्याकडे वर्षभर जा. खायची नसेल तेव्हाही जा.

टाकळा कुणालाही येतो असं वाटतं ना? मग सांग, टाकळा आणि कासविंदा शेजारी उगवले तर कोवळेपणी कसे ओळखशील? टाकळ्याच्या देठावर पानांच्या तीन जोड्या, टोकं गोल. कासविंद्याला चार-पाच, टोकं अणकुचीदार. उत्तर भारतात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावली आहेत. आजी हे जोड्या मोजून सांगणार नाही, ती पान हातात घेताच बाजूला टाकेल. तिचा हात थांबतो तिथे तू थांब आणि विचार, "हे का टाकलंस?" काय वेचलं यापेक्षा काय टाकलं ते लिहून ठेव. त्या रकान्याचं काहीतरी होईल.

चाईचंही तसंच. तिच्या फुलोऱ्याची भाजी आपण आवडीने खातो, पण तिच्याच झुडपात, त्याच पावसात विषारी कळलावीचा कोंब वर येतो. कळलावीच्या पानाचं टोक लांबत जाऊन शेजारच्या काटकीला वेटोळं घालतं. चाईचं पान असं कधी करत नाही. कळलावीचा कंद नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. तो कंद माणूस मारतो. फुलाच्या फोटोवरून कळलावी कुणीही ओळखेल, पण फूल येईपर्यंत कंद काढायची घाई करणारा थांबत नाही. म्हणून म्हणतो, मोबाइलमधलं झाड ओळखायचं ॲप शाळेतल्या कुंपणापर्यंत ठीक. त्याच्या भरवशावर तोंडात काही घालू नकोस.

करटोलीकडून वेगळंच शीक. तिचे नर वेल निराळे, मादी वेल निराळे. मादीच्या फुलाखाली चिमुकलं करटोलं आधीपासून दिसतं, नराला ते नाही. "याला कधी लागत नाही" म्हणून एकाने बांधावरचे नर वेल कंदासकट उपटले आणि पुढल्या वर्षी करटोली गेली कुठे म्हणून रानाला शिव्या घातल्या. तो 'एक' कोण ते विचारू नकोस.

कंद खणल्यावर देठाकडचा तुकडा परत खड्ड्यात टाकून माती लोटतात ते बघ. बांबूच्या बेटातले सगळे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, काढत नाहीत ते बघ. आणि पहिल्या पावसातली कोवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय घरात कुणी खात नाही, तेही नीट बघ. शहरातली माणसं त्याला श्रद्धा म्हणून सोडून देतात. मला त्यात पाल्याला दिलेली थोडी उसंतही दिसते.

ऑगस्टात, ९ तारखेच्या आदिवासी दिनाच्या सुमाराला, ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव होतात. तू तिथे मांडणी करणार म्हणालीस. कर, चार पैसे बायांच्या हातात पडतात. पण तोवर शेवळ संपलेलं असतं आणि टाकळा निबर झालेला. रान काही तारखेने चालत नाही. शेवळाचा खरा महोत्सव जूनमध्ये पहाटेच्या कसारा लोकलमध्ये असतो. आपल्या बाया पाटी घेऊन ठाण्या-दादरला उतरतात आणि शहरातल्या जाणत्या घरांतल्या बाया शेवळांबरोबर काकडं आहेत ना, हे आधी विचारतात. एकदा त्यांच्याबरोबर जाऊन ये.

एका बाबतीत मात्र तुला आजीला शिकवावं लागेल. बांधावर हल्ली तणनाशक मारतात. मारल्यावर काही दिवस पाला हिरवागारच दिसतो. आजीच्या साऱ्या आयुष्यात हिरवा टाकळा म्हणजे खायचा टाकळा, तिच्या ज्ञानात ही बाटली नाही. कुणाच्या बांधावर कधी फवारणी झाली ते पाड्यात विचारून ठेवायचं काम तुझं.

पुस्तकाचं काय? २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वस्तूंच्या, यादीत कंद-मुळं स्पष्ट लिहिलेली आहेत, त्यावरची मालकी आपली आहे. पण कुठल्या उतारावर कुठला कंद आहे हे छापलं की तो उतार आपला उरत नाही, औषधी मुसळीच्या बाबतीत आपण ते पाहिलं. कृती लिही, सावधगिरी लिही, जागा लिहू नकोस. आणि छापण्याआधी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखव. म्हाताऱ्या बाया मध्येच तोंड घालतील, "तसं न्हाय गं" म्हणतील. तेवढ्यासाठीच वाचायचं.

पहिला पाऊस पडला की कॉलेजातून दोन दिवस रजा काढ. अर्जावर कारण 'घरगुती काम' लिही, खोटं नाही ते. आजीची पाटी तू उचल, कोयता तिच्याच हातात राहू दे. काकडं माझ्याकडे आहेत, ओढ्याकाठच्या झाडाला यंदा भरपूर लागलीत. येताना घेऊन जा.

तुझे,
गुरुजी