शेअर्ड डॉकमध्ये लिहिताना हात अडतो तेव्हा

"मॅडम, मी टाइप करताना सगळे बघत असतात." 2020च्या शैक्षणिक धोरणानंतर वेगवेगळ्या शाखांची मुलं एका सेमिनारला बसू लागली, तेव्हापासून ही तक्रार माझ्याकडे सारखी येते.

त्यातलीच एक समाजशास्त्राची विद्यार्थिनी (तपशील बदलले आहेत). विषय दुष्काळी गावांचं पाणी. गटात भूगर्भशास्त्र, अर्थशास्त्र, कॉम्प्युटरची मुलं. अहवाल सगळ्यांनी मिळून गूगल डॉक्समध्ये लिहायचा, म्हणजे एकाच ऑनलाइन फाइलमध्ये; कोण काय टाइप करतंय ते सगळ्यांना दिसतं. ही रात्री मोबाइलवर मजकूर लिहायची, पुन्हा पुन्हा तपासायची आणि डॉकमध्ये टाकायचीच नाही. गटात बोललं जाऊ लागलं, 'ही काही करत नाही.'

"चूक दिसली तर काय होईल?"

"मला काही येत नाही, हे कळेल त्यांना."

"काहीच येत नाही?"

ती गप्प.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे. 'माझं चुकताच कामा नये' हा हट्टच माणसाला जखडतो. पण हे नुसतं सांगून पटत नाही. मी तिला डॉकची व्हर्जन हिस्टरी, म्हणजे आधी काय लिहिलं, काय खोडलं याची नोंद, उघडायला लावली. ज्याच्या इंग्रजीचा तिला धाक होता, त्या भूगर्भशास्त्राच्या मुलाचा परिच्छेद समोर आला. एकच वाक्य लिहिलेलं, खोडलेलं, फिरवून लिहिलेलं, परत खोडलेलं. ती बराच वेळ स्क्रोल करत राहिली.

"हासुद्धा?"

तिथेच बसून तिने पहिली कमेंट टाकली: 'रिचार्ज म्हणजे नेमकं काय?' पुढच्या भेटीत खुलून सांगत होती. पाणी जमिनीत मुरणं, हे उत्तर तर आलंच, वर अर्थशास्त्राच्या मुलाने लिहिलं होतं, 'मलाही हेच विचारायचं होतं.' मग तिने आपला परिच्छेद लिहिला: टँकरची वाट बघण्यात कोणत्या घरच्या बायकांचा दिवस जातो. गटात हे माहीत असलेली ती एकटीच होती. अशा वेळी आपल्या कामाचं चीज झाल्यासारखं वाटतं.

अशा गटात प्रत्येक जण दुसऱ्याच्या विषयात नवखाच असतो. शिवाय आपल्याला वाटतं तितकं लोक आपल्याकडे बघतही नाहीत. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रयोगांतून हे दाखवलंय. थेट लिहायला धीर होत नसेल तर 'सजेस्टिंग' मोडमध्ये लिहा (तिथे तुमचा मजकूर फक्त सूचना म्हणून दिसतो), किंवा प्रश्नापासून सुरुवात करा. प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती: कोणी किती ओळी टाकल्या, यावर गुण देऊ नका. कमेंटमधला प्रश्नही काम म्हणून धरा आणि पहिला प्रश्न तुम्ही स्वतः टाका.