आजोबा शाळेतच गेले नाहीत, जातीचा जुना पुरावा कुठून आणू?

प्रश्न : आम्ही सातारा जिल्ह्यातले सुतार, ओबीसी. जात पडताळणी समितीने 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला आहे. वडिलांचा जन्म 1963 चा, पण शाळेत नाव घातलं जून 1969 मध्ये. आजोबा निरक्षर होते. एक एजंट 25 हजारांत जुन्या वहीत नोंद ‘बसवून’ देतो म्हणतो. काय करू?

उत्तर : त्या एजंटाचा नंबर आधी काढून टाका. समितीचं दक्षता पथक मूळ वही उघडून पाहतं. दोन ओळींच्या मध्ये कोंबलेलं नाव किंवा वेगळ्या शाईतलं अक्षर त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तसं निघालं तर तुमचा खरा दावाही बुडेल, त्या जातीच्या आधारावर मिळालेला प्रवेश रद्द होईल, वर फौजदारी खटला. जात प्रमाणपत्राच्या कायद्यात यासाठी 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे.

तुम्ही शाळेच्या दाखल्यावरच अडून बसला आहात. वडील 1963 साली गावातच जन्मले असतील, तर त्यांच्या जन्माची नोंद त्या वेळच्या जन्म-मृत्यू वहीत असायला हवी. गाव नमुना 14, बोलीत कोतवाल बुक. ही जुनी बुकं बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात आणि त्यांत जातीचा रकाना असतो. फक्त वडिलांचं नाव शोधत बसू नका. बारसं व्हायच्या आधीच नोंद होत असे, म्हणून पुष्कळदा नुसतं ‘मुलगा’ आणि पुढे बापाचं नाव एवढंच सापडतं. जन्मतारीख शाळेत अंदाजाने लावलेली असते, तेव्हा मागची-पुढची 2-3 वर्षंही चाळा. त्याच बुकात पणजोबांचा मृत्यू आणि आजोबांच्या भावंडांचे जन्म पाहा. मजकूर मोडीत असेल तर नक्कल घेऊन जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, खाली त्याची सही हवी.

आजोबा शाळेत गेले नाहीत, पण त्यांचा एखादा भाऊ गेला असेल. गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, मुख्याध्यापकांना दाखवायला सांगा. सख्ख्या चुलत आजोबांची 1940 च्या आसपासची नोंद तुमच्याच रक्ताची आहे आणि स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदाला न्यायालयं मोठं वजन देतात. वडिलांच्या बाजूच्या कुणा जवळच्या नातेवाइकाकडे वैधता प्रमाणपत्र (समितीने जात पडताळून दिलेला दाखला) असेल, तर तेही जोडा.

आता नातं जुळवायचं. सातबाऱ्यावर जात नसते, पण पणजोबांच्या पश्चात झालेल्या वारस फेरफारात, म्हणजे जमीन वारसांच्या नावे केल्याच्या नोंदीत, सगळ्या मुलांची नावं एका ठिकाणी येतात, आणि वंशावळीला आधार मिळतो तो तिथे. एका कागदावर ‘धोंडू’, दुसऱ्यावर ‘धोंडिबा’, आडनाव कुठेच नाही, असं हमखास होतं. घाबरू नका. गाव, बापाचं नाव आणि भावंडं जुळत असतील, तर माणूस एकच आहे असं प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा.

सगळीकडे प्रमाणित नक्कलच मागा, मोबाइलवरचा फोटो समितीपुढे चालत नाही. ‘रेकॉर्ड नाही’ असं तोंडी सांगितलं, तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून बुकांची प्रत्यक्ष पाहणी मागा. उत्तराला 30 दिवस लागू शकतात. म्हणून त्या अर्जाची पोच जोडून समितीकडे आजच लेखी मुदतवाढ मागा, आणि सुनावणीची तारीख काही झालं तरी चुकवू नका.