कमी खर्चात काढलेले अतिहिंसक युरोपीय मारधाडपट लोकांना का आवडतात?

आपला प्रश्न असा आहे की, मोठ्या निर्मितीसंस्थांचे चकचकीत ॲक्शनपट हवे तेवढे उपलब्ध असताना कमी खर्चात काढलेल्या, रक्तबंबाळ युरोपीय मारधाडपटांत लोकांना नेमके काय सापडते. संपूर्ण युरोपाबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु १९७०च्या दशकात इटलीत डझनांनी निघालेले पोलीस आणि गुन्हेगारीचे चित्रपट मी बरीच वर्षे आवडीने पाहत आलो आहे, म्हणून त्यांच्याच आधारे उत्तर देतो. इटालियन भाषेत त्यांना ‘पोलित्सिओत्तेस्की’ म्हणतात. समीक्षकांनी नाक मुरडून दिलेले हे नाव पुढे चाहत्यांनीच मिरवले.

माझ्या मते यातील आकर्षण रक्तात कमी आणि धोक्यात अधिक आहे. या चित्रपटांकडे धोका नीट खोटा करून दाखवण्याइतका पैसाच नव्हता. रुज्जेरो देओदातो यांच्या ‘उओमिनी सी नाशे, पोलित्सिओत्ती सी मुओरे’ (१९७६) या चित्रपटाची सुरुवात पाहा. रोममध्ये मोटारसायकलवरून आलेले दोन चोर एका बाईची पर्स हिसकावतात, आणि पर्स मनगटाला साखळीने अडकवलेली असल्यामुळे ती बाई रस्त्यावरून फरफटत जाते. (मंगळसूत्र खेचणाऱ्यांच्या बातम्या रोज वाचणाऱ्या आपल्या वाचकाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.) साध्या वेशातले दोन तरुण पोलीस एकाच मोटारसायकलवर बसून चोरांच्या मागे लागतात. कित्येक मिनिटे चालणारा हा पाठलाग भर शहरात, चालू रहदारीत, चित्रीकरणाची परवानगी न घेता टिपलेला आहे. त्यामुळे पडद्यावर दचकून बाजूला होणाऱ्यांपैकी पैसे घेऊन दचकलेले किती आणि खरोखरच दचकलेले किती, हे ओळखता येत नाही. पाठलागाच्या शेवटी जखमी होऊन पडलेल्या चोराची मान त्या पोलिसांपैकी एक जण सहज मोडून टाकतो. तोवर मनातल्या मनात पोलिसांना प्रोत्साहन देत असलेला प्रेक्षक तिथे अडखळतो, आणि दिग्दर्शक त्याला सावरण्यासाठी काहीही करत नाही.

ही निर्दयता हवेतून आलेली नव्हती. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियात्सा फोंताना चौकातील बँकेत बॉम्बस्फोट होऊन १७ जणांचा बळी गेला, आणि तेथून इटलीत ज्याला ‘शिशाची वर्षे’ म्हणतात तो काळ सुरू झाला. राजकीय हत्या, बँकांवरील दरोडे, खंडणीसाठी अपहरणे हे सारे नित्याचे झाले. १९७८ साली तर माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे अपहरण होऊन ५५ दिवसांनी त्यांचा मृतदेह रोममध्ये एका मोटारीत सापडला. सकाळच्या वर्तमानपत्रात जे वाचले तेच संध्याकाळी पडद्यावर पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी हे चित्रपट निघत होते. आता हे चित्रपट पाहताना मला त्या काळचे मिलान, जेनोव्हा, नेपल्स दिसते: सरकारी इमारतींच्या भिंतींवरचा मळकट रंग, अरुंद गल्लीत उभ्या केलेल्या फियाट, पोलिसांच्या अल्फा रोमिओ जुलिया मोटारी. पैसा असता तर यातले बरेचसे स्टुडिओत उभारले गेले असते, आणि मग त्याला आजची किंमत राहिली नसती.

या सगळ्या दिग्दर्शकांत फेर्नांदो दी लेओ हे मला सर्वांत थोर वाटतात. त्यांच्या ‘मिलानो कालिब्रो ९’ (१९७२) या चित्रपटाच्या आरंभी मिलानच्या दुओमो चौकात कबुतरांच्या गर्दीत एक पुडके हातोहात पुढे सरकत जाते. शेवटी ते उघडले जाते तेव्हा आत नोटांऐवजी कोरे कागद निघतात, आणि पुडके हाताळलेल्यांना एकेक करून गाठले जाते. एकाच्या गालावर न्हाव्याच्या दुकानात वस्तरा फिरतो. अखेर काही जणांना गुहेत बांधून सुरुंगाने उडवून देतात. इतके सारे नायक पडद्यावर येण्यापूर्वी घडते. त्यानंतर तुरुंगातून सुटलेला उगो पियात्सा येतो. पुडक्यातले तीन लाख डॉलर यानेच लपवले, असे गुन्हेगारांना वाटते आणि पोलिसांनाही. ही भूमिका करणारे गास्तोने मोस्किन विनोदी भूमिकांसाठी ओळखले जात. इथे टक्कल पडलेला, मार खाऊनही चेहऱ्यावरची रेघ न हलवणारा हा माणूस दी लेओ यांनी जवळजवळ अबोल ठेवला आहे. हिंसेनंतर कोणी चटपटीत संवाद फेकत नाही. दोन पोलीस अधिकारी मात्र दारिद्र्य, स्थलांतरित मजूर आणि गुन्हेगारी यांवर लांबलचक वाद घालतात. ती दृश्ये चित्रपटाची गती मारतात, हे मान्य करावेच लागेल.

दी लेओ यांच्याच ‘ला माला ओर्दिना’ या चित्रपटात मारिओ आदोर्फ यांनी साकारलेला वेश्यांचा क्षुल्लक दलाल आपल्या बायकोला आणि मुलीला चिरडणाऱ्या व्हॅनला लटकतो आणि तिची समोरची काच डोके आपटून फोडतो. ते दृश्य हास्यास्पद आहे, आणि तरीही ते पाहताना मला हसू आलेले नाही.

या प्रकारात टाकाऊ मालही पुष्कळ आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. एक चित्रपट चालला की त्याच साच्यातले दहा काढायचे, हा तिथला शिरस्ता होता. स्त्रिया बहुधा मार खाण्यापुरत्या येतात. कायदा धाब्यावर बसवून गोळी घालणारा कमिसारिओ, म्हणजे पोलीस अधिकारी, हाच कित्येक कथांचा तोडगा असतो, आणि हा तोडगा लेखकांनाही मनापासून पटलेला असावा अशी शंका येते. उंबेर्तो लेन्झी यांच्या ‘मिलानो ओदिया’ (१९७४) मध्ये तोमास मिलियान यांचा अभिनय पाहण्यासारखा आहे. पण त्यातील बंगल्यावरचे हत्याकांड मी दुसऱ्यांदा पाहू शकलो नाही.

सुरुवात करायची असल्यास ‘मिलानो कालिब्रो ९’ घ्यावा, आणि तो इटालियन ध्वनिपट लावून, उपशीर्षकांसह पाहावा. त्या काळी इटलीत आवाज सर्रास नंतर स्टुडिओत भरत, त्यामुळे ओठ आणि शब्द इटालियनमध्येही नेहमी जुळत नाहीत. परंतु इंग्रजी ध्वनिपटात सारे गुंड न्यूयॉर्कमधून आल्यासारखे बोलतात. पहिली दहा मिनिटे पाहून पुडक्याचे पुढे काय झाले याची उत्सुकता वाटली नाही, तर बाकीचे चित्रपट शोधण्याच्या खटपटीत पडू नये.