सोयाबीनच्या गाठी आतून पांढऱ्या का?

प्रश्न: सोयाबीन 40 दिवसांचं आहे. पेरताना बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणारे जिवाणू) लावलं होतं, तिसऱ्या आठवड्यात युरियाही टाकला. झाडं हिरवीगार आहेत, पण मुळांवर गाठी मोजक्याच आणि फोडल्या तर आतून पांढऱ्या. रायझोबियमचं संवर्धन (पाकिटातलं जिवाणूंचं कल्चर) खराब निघालं का? आणखी युरिया द्यावा का?

उत्तर: संवर्धनावर एवढ्यात खापर फोडू नका. माझा पहिला संशय युरियावर आहे.

गाठ धरायची की नाही, हे झाडच ठरवतं. नत्राची चणचण असली की मुळं जमिनीत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडतात. ती ओळखून जिवाणूंची गाठीचा निरोप तयार करणारी ‘नॉड’ जनुकं जागी होतात आणि जिवाणू उलट निरोप धाडतात. मग मुळातली गाठ घडवणारी जनुकं कामाला लागतात. जमिनीत आयता नायट्रेट (युरियापासून तयार होणारं नत्राचं रूप) असला की ही साखळी सुरुवातीलाच दबते. जिवाणूंना पोसायला झाडाला आपली साखर खर्चावी लागते. फुकट मिळत असताना ती कोण खर्चेल?

आता रंगाचं. चांगल्या गाठीत झाडाचं लेगहिमोग्लोबिनचं जनुक जोरात चालतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच हे भावंड, म्हणून गाठ आतून गुलाबी-लाल दिसते. नत्र बांधणारं नायट्रोजिनेज हे जिवाणूंचं विकर (एन्झाइम) मोकळ्या ऑक्सिजनने निकामी होतं. लेगहिमोग्लोबिन तो ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना श्वासापुरता पुरवतं. हे विकर बनवणारी जिवाणूंची ‘निफ’ जनुकंही ऑक्सिजन कमी असेल तरच चालू होतात. म्हणजे पांढरी गाठ एकतर कोवळी, नाहीतर नत्र न बांधणारी. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलेलं.

तेव्हा जमिनीतून आणखी युरिया नको. दहा-बारा दिवसांनी पाच-सहा ठिकाणची झाडं पुन्हा बघा. उपटू नका, खुरप्याने मातीसकट काढून पाण्यात धुवा. उपटताना गाठी मातीतच राहतात आणि आपण उगाच घाबरतो. बाजूच्या मुळांवर नव्या गुलाबी गाठी दिसल्या तर काळजी मिटली. तरीही पांढऱ्याच असतील आणि पानं पिवळी पडत असतील, तर मात्र संवर्धनाची चौकशी करा: मुदत संपली होती का, पाकीट उन्हात पडलं होतं का, आणि ते सोयाबीनचंच होतं ना? हरभऱ्याचं रायझोबियम सोयाबीनला चालत नाही. दोघांचे संकेत जुळत नाहीत.

पुढच्या पेरणीला बुरशीनाशक आधी लावा, संवर्धन सगळ्यात शेवटी. बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.