रात्रशाळेत वयाने मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवायचंय?

प्रश्न : मी 24 वर्षांची आहे. गणित घेऊन नुकतंच बी.एड. केलं. पुण्यातल्या एका रात्रशाळेत दहावीला शिकवायची संधी आली आहे. वर्गात गवंडीकाम करणारे दादा आहेत, रिक्षावाले काका आहेत, पोळी-भाजीची कामं करणाऱ्या मावशी आहेत. त्यांना मी काय शिकवणार, अशी भीती वाटते. घरचे म्हणतात, दिवसाची शाळा मिळेपर्यंत थांब. काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : नोकरी घ्या. ज्या गोष्टीची तुम्हाला भीती वाटते, तीच तुमच्या अध्यापनाची सुरुवात आहे.

दहावीच्या भूमितीत पायथागोरसचं प्रमेय आहे. त्याचं नाव फळ्यावर लिहिण्याआधी गवंडी दादांना विचारा, ‘कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे हे तुम्ही कसं तपासता?’ एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसरीला चार फुटांवर, आणि तिरकं अंतर पाच भरलं की झालं, असं ते सांगतील. तेच फळ्यावर मांडा : 9 अधिक 16 बरोबर 25. मग विचारा, 10 बाय 12च्या खोलीचा कर्ण किती? इथे तीन-चार-पाच पुरत नाही. प्रमेय वापरावं लागतं आणि उत्तर येतं सुमारे 15 फूट साडेसात इंच. आपल्याला येत होतं त्याच्या पुढचं काहीतरी मिळालं, हे त्यांना तिथल्या तिथे कळतं.

शेकडेवारीचंही तसंच. बचत गटातल्या मावशींना ‘शेकडा दोन’ तोंडपाठ असतं, पण ते महिन्याचं. वर्षाला ते 24 टक्के होतात. बँक दर सांगते तो वर्षाचा. दोन्ही शेजारी लिहून दाखवा, वर्ग आपोआप बोलू लागेल.

मात्र तिथे थांबू नका. बोर्डाच्या पेपरात आकृती, पायऱ्या आणि सिद्धता लागते. दिवसभर राबून आलेल्या माणसाचा तास नुसत्या अनुभवांच्या गप्पांत गेला तर तो त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय विचारायचं ते कामाबद्दल. शाळा का सुटली, घरी काय झालं, हे त्यांनी आपणहून सांगितलं तरच ऐका.

रात्रशाळा म्हणजे दुय्यम काम, असं घरच्यांना वाटत असेल तर त्यांना सांगा, की जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये याच पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती. इथे घालवलेली दोन वर्षं तुम्हाला दिवसाच्या वर्गातही उपयोगी पडतील, याची मला खात्री आहे.

घरच्यांची दुसरी काळजी पगाराची असेल, आणि ती रास्त आहे. पद अनुदानित आहे का, पूर्णवेळ की अर्धवेळ, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळणार का, हे रुजू होण्याआधी संस्थेकडून लेखी घ्या. शाळा किती वाजता सुटते आणि त्या वेळी घरी परतायला बस मिळते का, तेही एकदा जाऊन बघून या.