वाचकांचे प्रश्न : एकाच बाजूची कळ, दिवसातून दहादा

प्रश्न : माझी पत्नी ४१ वर्षांची आहे. दीड वर्षापासून तिच्या उजव्या डोळ्यामागे आणि कानशिलात एकदम जीवघेणी कळ येते. दहा-पंधरा मिनिटांत थांबते, पण दिवसातून आठ-दहा वेळा येते, रात्री झोपेतूनही उठवते. तेव्हा त्याच डोळ्यातून पाणी येतं, नाक चोंदतं. सायनसचे उपचार झाले, एक दाढ काढून झाली, अर्धशिशीच्या गोळ्या झाल्या. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आहे. न्यूरोलॉजिस्टनी इंडोमेथासिन ही सूज-वेदना कमी करणारी गोळी २५ मिग्रॅ दिवसातून दोनदा दिली. चार दिवसांत फरक पडला नाही, ॲसिडिटी मात्र वाढली, म्हणून आम्हीच ती बंद केली. निदान चुकलं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : निदान चुकलं असं इतक्यात म्हणता येणार नाही, कारण औषधाची परीक्षाच अर्धवट राहिली आहे. तुम्ही लिहिलेलं वर्णन पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनियाशी जुळतं. हा दुर्मीळ आजार नॉर्वेतील शास्टाड आणि डाले या डॉक्टरांनी १९७४ मध्ये प्रथम मांडला. त्याची कळ नेहमी एकाच बाजूला, डोळ्याभोवती किंवा कानशिलात असते. २ ते ३० मिनिटं टिकते आणि बहुतेक दिवशी पाचापेक्षा जास्त वेळा येते. सोबत त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी गळतं, नाक चोंदतं किंवा वाहतं, पापणी किंचित उतरते किंवा सुजते. नाक चोंदतं म्हणून सायनसवर शंका जाते, आणि कळ जबड्याकडे उतरली की दाढेवर. चांगली दाढ गमावलेले असे रुग्ण कमी नाहीत.

इथे घड्याळ सगळ्यात जास्त कामाला येतं. क्लस्टर डोकेदुखीचा झटका १५ ते १८० मिनिटं चालतो आणि दिवसात आठांच्या वर सहसा जात नाही. संक्ट नावाच्या प्रकारात कळ काही सेकंद ते १० मिनिटं टिकते, पण दिवसातून कितीतरी वेळा येते. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात विजेच्या झटक्यासारखी, फार तर दोन मिनिटांची कळ गालात-जबड्यात येते. चावताना, दात घासताना, तोंड धुताना सुटते. अर्धशिशी निदान चार तास तरी छळते. तेव्हा आठवडाभर वहीत लिहा : कळ किती वाजता सुरू झाली, किती मिनिटांनी थांबली, कुठल्या बाजूला, डोळ्याचं काय झालं. कळ चालू असताना चेहऱ्याचा मोबाइलवर फोटो काढा. ओपीडीत पोहोचेपर्यंत डोळा पांढराशुभ्र झालेला असतो, मग डॉक्टरांना दिसणार काय? मान वाकवल्यावर किंवा वळवल्यावर कळ सुरू होते का, तेही टिपा. काही रुग्णांत होते.

आता औषध. इंडोमेथासिनला पूर्ण प्रतिसाद मिळणं ही या निदानाची अटच आहे. पण त्यासाठी मोठ्या माणसात दिवसाला किमान १५० मिग्रॅपर्यंत जावं लागतं, गरज पडल्यास २२५ मिग्रॅपर्यंत. तुमच्याकडे ५० मिग्रॅवरच थांबलं. सर्वसाधारण पद्धत अशी : २५ मिग्रॅ दिवसातून तीनदा, तीन-चार दिवसांनी ५० मिग्रॅ तीनदा, तरीही कळा राहिल्या तर ७५ मिग्रॅ तीनदा. योग्य डोस गाठला की एक-दोन दिवसांत कळा बंद होतात. नुसत्या कमी होतात असं नव्हे. पूर्ण डोस आठवडाभर घेऊनही काहीच झालं नाही, तर मात्र निदान पुन्हा तपासावं लागतं.

हे घरच्या घरी वाढवू नका. औषध जुनं असलं तरी पोटावर आणि मूत्रपिंडावर जड आहे. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, ॲस्पिरिनने उठणारा दमा, रक्त पातळ करणारी गोळी, लिथियम किंवा गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर आधी सांगा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी), हिमोग्लोबिन आणि रक्तदाब बघून सुरुवात करतात. गोळी जेवणानंतरच घ्यायची आणि सोबत डॉक्टर पँटोप्रॅझोलसारखी गोळी देतात, ती न्याहारीच्या अर्धा तास आधी. तुमच्या पत्नीला ती दिली होती का? नसेल, तर ॲसिडिटीचं कारण तिथेच असू शकतं. शौच काळं झालं तर औषध थांबवून लगेच दवाखाना गाठा. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वरून घेऊ नका. रात्रीच्या कळांसाठी झोपण्यापूर्वीचा डोस चुकवू नये. या औषधाचा असर शरीरात फार काळ टिकत नाही आणि डोस हुकला की कळ परत येते.

कळा थांबल्यावर काही आठवड्यांनी डोस २५-२५ मिग्रॅने उतरवतात. कळ डोकावली की एक पायरी मागे. अनेकांना पुढे कमी डोस पुरतो. काहींना मध्ये तीन महिने किंवा अधिक काळ पूर्ण आराम मिळतो, काहींना औषध वर्षानुवर्षं लागतं. इंडोमेथासिन सोसलंच नाही तर व्हेरापामिल, टोपिरामेट, सेलेकॉक्सिब किंवा मानेच्या मागच्या मज्जातंतूजवळ इंजेक्शन हे पर्याय आहेत, पण तितके खात्रीचे नाहीत.

एमआरआयचा रिपोर्टही परत दाखवा. त्यात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी नीट पाहिली आहे का, हे विचारा. तिथल्या गाठीमुळे हुबेहूब अशाच कळा येऊ शकतात. पाळी बिघडली असेल किंवा स्तनांतून दूध येत असेल तर तेही सांगायला लाजू नये.

प्रश्न : मला डोक्यात टोचा खुपसल्यासारखी दोन-तीन सेकंदांची कळ येते, कधी इथे, कधी तिथे. डोळ्यातून पाणी वगैरे नाही. हाच आजार का?
– वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. जागा बदलत असेल आणि मध्ये काहीच त्रास नसेल, तर ही बहुधा साधी टोचणारी डोकेदुखी. अर्धशिशी असणाऱ्यांत ती जास्त दिसते. आठवड्यात एखाद-दोनदा येत असेल तर औषध लागत नाही. कळ कायम एकाच जागी येत असेल तर मात्र तपासणी करून घ्या. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाली, कानशील दाबल्यावर दुखतं, चावताना जबडा दुखून येतो किंवा नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या करून घ्या. ही लक्षणं कानशिलातल्या रक्तवाहिनीच्या सुजेची असू शकतात आणि तीत डोळा कायमचा जाऊ शकतो.