पडण्याची लाज आणि पडण्याची रीत

स्कीइंग करताना, म्हणजे पायांना स्की या लांब पट्ट्या लावून बर्फाच्या उतारावरून घसरताना, सर्वांसमोर पडण्याची भीती कशी घालवावी, असे तुम्ही विचारले आहे; माझ्या मते ती घालवण्यापेक्षा नीट पडायला शिकणे अधिक उपयोगाचे आहे. लाजेचेच म्हणाल, तर १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाचा स्कीपटू हेरमान मायर डाउनहिल या वेगवान उताराच्या शर्यतीत हवेत उडून कुंपणे तोडत पडला आणि तीनच दिवसांनी सुपर-जी या दुसऱ्या स्की शर्यतीचे सुवर्णपदक घेऊन गेला.

माझे सर्वांत लाजिरवाणे पडणे मात्र उतारावर झालेच नाही. चेअरलिफ्टवरून (स्की करणाऱ्यांना उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या, तारेवर लटकत्या खुर्च्यांवरून) उतरताना माझी स्की शेजाऱ्याच्या स्कीवर चढली, आम्ही दोघेही आडवे झालो आणि चालकाला लिफ्ट थांबवावी लागल्याने मागच्या सगळ्या खुर्च्या हवेत लटकत राहिल्या. म्हणून उतरताना स्कीची टोके किंचित वर व सरळ पुढे ठेवा, आणि पडलातच तर आधी बाजूला सरका, टोपी नंतर शोधा.

उतारावर तोल जाऊ लागला, तर मागे बसून सावरण्याचा प्रयत्न करू नका, कारण त्या अवस्थेत गुडघ्याचे अस्थिबंध पिळवटून तुटू शकतात. चढाच्या बाजूला, कुशीवर, हात पुढे ठेवून पडा. काठ्या सोडून द्या, कारण मुठीत अडकलेली काठी अंगठ्याचा सांधा दुखावते. उठताना स्की उताराला आडव्या आणि आपल्या खालच्या बाजूस असाव्यात, नाहीतर उभे राहताच पुन्हा घसराल (हे मी सलग तीनदा केले आहे). बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या पकडीचा) ताण वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी व कौशल्य यांवरून ठरतो. तो जाणकाराकडूनच लावून घ्या आणि कौशल्य सांगताना फुशारकी मारू नका, कारण ताण जास्त असल्यास स्की वेळेवर सुटत नाही.